बारा चाळीसचा शिक्का

"वाचत काय बसलीस? शिक्का मार आणि दे," मालकीणबाई म्हणाल्या.

बाओचू वाचतच राहिली. कागद तिच्यासमोर उलटा टाकला होता, तो तिने आधी सुलटा करून घेतला. तीन चौकटी होत्या. काय घडलं: दोन हजार चारशे बोर्डांवरच्या चिपा निकामी. का घडलं: चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या कामगाराने मनगटपट्टा न लावल्यामुळे स्थिर विजेचा धक्का. पुन्हा घडू नये म्हणून काय केलं: संबंधित कामगाराला त्या कामावरून हलवलं. खाली तिचं पूर्ण नाव छापलेलं होतं, ल्याव बाओचू, आणि नावाशेजारी शिक्क्यासाठी बोटभर जागा रिकामी.

"मी पट्टा लावला नव्हता हे कोणी पाहिलं?"

"पाहायला कशाला हवं? चिपा मेल्या ना?"

"माणूस मेला तर आधी डॉक्टर बघतो, मालकीणबाई. मग कागद होतो."

पलीकडच्या टेबलावर बसलेली थुई खुदकन हसली आणि लगेच खोकल्यासारखं करून तिने मान खाली घातली. दाराशी इंजिनिअर देलिन उभा होता. त्याचा अंगठा फोनवर फिरत होता, पण पडद्यावर काहीच सरकत नव्हतं, हे बाओचूला तिच्या जागेवरून दिसत होतं.

"देलिन, हे कारण तू लिहिलंस?"

"ताई, अहवालात काहीतरी लिहावंच लागतं," तो फोनकडेच बघत म्हणाला. "थायनानच्या त्या खरेदीवाल्याला तुम्ही ओळखता. कारणाची चौकट कोरी दिसली की तो सगळा माल नाकारेल. स्थिर वीज म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

"मी विचारतेय. स्थिर वीज शंभरातल्या दोन चिपा मारेल. फार तर पाच. चोवीसशेपैकी चोवीसशे? इतकी शिस्त तिला कुठून आली?"

"हे बघ, मला शास्त्र शिकवू नकोस," मालकीणबाई म्हणाल्या.

"शिकवत नाही. भिंतीला हात लावून बघा. दहा दिवस पाऊस लागलाय, भिंतींना पाणी सुटलंय. डिसेंबरपासून या मजल्यावर कोणाचे केससुद्धा उभे राहिलेले नाहीत. आणि म्हणे स्थिर वीज."

मालकीणबाईंनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी आवाज खाली आणला. मालक गेल्यापासून सहा वर्षं शूलिनमधला हा तीन मजली कारखाना त्या एकट्या चालवत होत्या, आणि आवाज कधी खाली आणायचा हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. "बाओचू, कोणी तुला फाशी देत नाहीये. पॅकिंगला बसशील, पगार तोच. डोळ्यांनाही आराम. नुसता एक शिक्का आहे."

"उद्या कुरियर किती वाजता?"

"अकराला."

"मग तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे."

तिने कागदाची चौघडी केली आणि ॲप्रनच्या खिशात घातली. मशीनशेजारच्या प्लॅस्टिकच्या तबकात शाईचं पॅड, चिमटे आणि तिच्या नावाचा, सहीच्या जागी चालणारा शिक्का नेहमीसारखा पडलेला होता. तोही उचलून तिने त्याच खिशात टाकला. हे तिने एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच केलं. देलिनने ते पाहिलं आणि तो जिन्याकडे वळला.

बाओचूचं काम सांगायला सोपं होतं. कोऱ्या चिपा चार-चारच्या ओळीत सॉकेटमध्ये बसवायच्या, झाकण दाबायचं, कळ दाबायची. मशीन चिपमध्ये प्रोग्रॅम भरतं, भरलेला परत वाचून ताडून बघतं आणि हिरवा दिवा लावतं. मग चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवायच्या. खालच्या मजल्यावर त्या बोर्डावर सोल्डर होतात आणि वर येतात थुईकडे. थुई प्रत्येक बोर्डाला सुयांची क्लिप टेकवून त्याचा अनुक्रमांक आत लिहिते. ही बोर्डं जायची दक्षिणेला, थायनानला, मासळीच्या तळ्यांत पाणी घुसळणाऱ्या चाकांवर. सोमवारी थुईने पहिलं बोर्ड लावलं, तर पडद्यावर आलं: चिप सापडत नाही. दुसरं लावलं, तेच. पन्नासावं लावलं, तेच. थुई मूळची व्हिएतनामची, लग्न होऊन इथे आलेली. तिने आधी तिच्या भाषेत एक शिवी दिली, मग सगळ्यांना कळावी म्हणून इथल्या भाषेत दिली.

"ताई, करून टाका ना सही," आता ती खुर्ची जवळ ओढून म्हणाली. "पॅकिंगला बरं असतं. खिडकी आहे. आमच्या देशाकडची फाम बसते तिथे, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया खाते."

"तुझ्याकडचं एक मेलेलं बोर्ड दे."

"एक कशाला, खोकं घ्या. मढ्यांना काय तोटा."

बाओचू चिडली की तिचा आवाज चढत नसे. तिच्या हालचाली लहान होत. आत्ता ती इतक्या लहान हालचालींनी काम करत होती की थुईने खुर्ची थोडी मागे घेतली. तिने मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट, जिथे हवेत तिथे. केबल बदलली. तेच उत्तर. क्लिप काढून सुया स्पिरिटने पुसल्या. तेच. कपाटातून मागच्या वर्षीचं जुनं, चालतं बोर्ड काढलं आणि त्याच केबलने, त्याच सुयांनी जोडलं. त्याने लगेच आपलं नाव सांगितलं. म्हणजे केबल खरी होती, क्लिप खरी होती. दोष बोर्डात होता, किंवा चिपमध्ये. तिने गरम हवेने एक चिप बोर्डावरून उतरवली, थंड होऊ दिली, स्वतःच्या मशीनच्या सॉकेटमध्ये बसवली. सापडत नाही.

"मेलीच आहे ती," थुई म्हणाली.

"मेलीये का ते अजून ठरलेलं नाही. बोलत नाही, एवढंच ठरलंय."

तिने रीळमधून एक कोरी चिप काढली. मग डावा हात वर करून थुईला दाखवला. मनगटावर पट्टा होता, अंगावरची वीज जमिनीत उतरावी म्हणून पट्ट्याची तार टेबलाच्या खिळ्याला जोडलेली होती.

"नीट बघ. पट्टा आहे?"

"आहे."

"कोणी विचारलं तर सांगशील?"

"शपथेवर सांगेन. हवं तर नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून."

कोरी चिप सॉकेटमध्ये बसवली. ती बोलत होती. बाओचूने त्याच फाइलने, जिने चोवीसशे चिपा भरल्या होत्या, ती भरली. हिरवा दिवा. झाकण न उघडता तिने चिपला परत हाक मारली. उत्तर आलं. मग तिने चिपची वीज बंद केली, पाच मोजले, चालू केली, आणि हाक मारली.

सापडत नाही.

दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. चिपला कोणी हात लावला नव्हता. झाकण उघडलं गेलं नव्हतं.

"आईशप्पथ," थुई हळूच म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत गेली."

बाओचूने खुर्ची पडद्याजवळ ओढली. चिप झोपून उठली आणि बोलेनाशी झाली. प्रोग्रॅम भरताना जी गोष्ट सगळ्यात शेवटी लिहिली जाते आणि पुढच्या जागेपणीच लागू होते, अशी एकच होती: चिपची सेटिंग. कुठल्या तालावर चालायचं, किती व्होल्टला बंद पडायचं, असे आठ रकाने. तिने पडद्यावर ते पान उघडलं. एकेक रकाना बोट ठेवून वाचला. तिसऱ्यावर बोट थांबलं.

ताल: बाहेरचा स्फटिक.

तिने नवं बोर्ड दिव्याखाली धरलं. जुन्या बोर्डावर चिपच्या शेजारी क्वार्ट्झचा एक चकचकीत लहानसा डबा असे. तोच चिपला ताल देई. नव्या बोर्डावरून तो काढून टाकला होता, कारण या चिपच्या पोटात स्वतःचा ताल असतो, ती बाहेरच्यावाचून चालते. चालते, जर तिला तसं सांगितलं असेल तर. इथे नवा प्रोग्रॅम जुन्या फाइलमध्ये ओतला होता आणि सेटिंग जुनीच राहिली होती. चोवीसशे चिपा नसलेल्या स्फटिकाच्या ठोक्याची वाट बघत बसल्या होत्या. ठोका पडल्याशिवाय त्या साधं हो-नाहीही म्हणू शकत नव्हत्या.

"मग?" थुईने विचारलं.

"मग ठोका देऊन बघायचा."

तिने जुनं चालतं बोर्ड वीज देऊन शेजारी ठेवलं. त्याच्या स्फटिकाच्या पायाला एक बारीक तार सोल्डर केली, दुसरं टोक नव्या बोर्डावरच्या चिपच्या पायावर, जिथे स्फटिक असायला हवा होता तिथे टेकवलं. हाक मारली. सापडत नाही. तार परत टेकवली. सापडत नाही. तिने तार खाली ठेवली आणि दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकवले. रागात माणूस सोपी गोष्ट विसरतो. दोन बोर्डांची ऋण टोकं एकमेकांना जोडलेलीच नव्हती; एकाचा ठोका दुसऱ्याला कळणार कसा? तिने ती दुसरी तार जोडली आणि पुन्हा हाक मारली.

चिपने आपलं नाव सांगितलं.

थुईने टाळी वाजवली आणि तिच्या टेबलावरचा चहा सांडला. "अहो, जिवंत आहे! ताई, जिवंत आहे ही भवानी!"

बाओचूने सेटिंग दुरुस्त केली, दोन्ही तारा काढल्या, वीज बंद करून चालू केली. बोर्ड एकटं, कोणाच्या आधाराशिवाय, बोललं. तिने आणखी एक केलं. आणखी एक. पाच केली. एका बोर्डाला चाळीस सेकंद लागत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेच नव्हता. सॉकेट, पट्टा, हवा, हात, यांतल्या कशाचाही संबंध नव्हता, हे आता तिच्याकडे चाळीस-चाळीस सेकंदांच्या पुराव्यानिशी होतं, आणि तरी खिशातला कागद मांडीला टोचत होता.

कारण हे आठ रकाने वाचायची पद्धत होती. नवी फाइल आली की इंजिनिअर ती मशीनवर चढवतो आणि दुसरं माणूस पडद्यावरचा एकेक रकाना मोठ्याने वाचतं. इंजिनिअर हातातल्या तक्त्यावर खूण करतो. मग दोघांचे शिक्के. दुसरं माणूस म्हणजे बाओचू. रोज सकाळी मशीनवरचा जो पडताळणीचा आकडा ती तक्त्याशी ताडून बघायची, तो फक्त प्रोग्रॅमवरून निघालेला असे. सेटिंग त्यात मोजली जात नाही. सेटिंग पकडायची एकच जागा होती, ते मोठ्याने वाचणं. ती नेहमी वाचायची. बोट ठेवून, आठच्या आठ. देलिन कंटाळून म्हणायचा, "ताई, पुढे चला, देवळातली पोथी आहे का ही?"

तिने फाइलींच्या कपाटातून तक्त्यांची वही काढली. गेल्या गुरुवारचं पान. आठ रकान्यांपुढे आठ खुणा, सगळ्या एका दमात मारलेल्या, तिरप्या. खाली दोन लाल शिक्के. एक देलिनचा. एक तिचा, थोडा वाकडा. वेळ: बारा चाळीस.

तिने वेळ पुन्हा वाचली.

साडेबाराला दिवे मालवतात. एक दहाला लागतात. मधली चाळीस मिनिटं तिन्ही मजले झोपतात. कोणी घडीच्या खाटेवर, कोणी टेबलावर उशी घेऊन. त्या वेळात कोणी कोणाला उठवत नाही. मालक असताना एकदा आगीचा भोंगा चुकून वाजला होता, तेव्हाही निम्मी माणसं आधी घड्याळाकडे बघून मग उठली होती. गुरुवारी तिला सर्दी होती. गोळी घेऊन, जाकीट डोक्यावर ओढून ती मशीनशेजारीच आडव्या हातावर डोकं ठेवून झोपली होती. दिवे लागले तेव्हा देलिन मशीनपाशी उभा होता. "ताई, नवी फाइल चढवलीये. सुरू करा."

"वाचून घेतली?"

"झालं सगळं."

कोणाबरोबर, हे तिने विचारलं नव्हतं. तेवढा एक प्रश्न.

"थुई," ती म्हणाली, "माझा शिक्का कोण कोण वापरतं?"

थुई टेबल पुसत होती. "सगळेच वापरतात. परवा कँटीनच्या यादीवर मीच मारला. तुम्हीच म्हणता ना, तबकात आहे, मारून घ्या."

ती म्हणायची, खरं होतं. आठ वर्षांपूर्वी देलिन नवीन आला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याने तीनशे चिपांत चुकीची आवृत्ती भरायला दिली होती. मालक वर यायच्या आत बाओचूने तक्त्यावर त्याच्या जागी स्वतःचा शिक्का मारला होता. "माझ्याकडून झालं, बदलून देते," असं मालकांना म्हणाली होती. मालक तिला ओळखत होते. त्यांनी पुढे चौकशी केली नाही. देलिन दुसऱ्या दिवशी अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आला आणि त्या दिवसापासून तिला ताई म्हणू लागला. तिने त्याला सोल्डर धरायला शिकवलं होतं, चिमटा कुठल्या बोटांत धरायचा ते शिकवलं होतं. तो नेमकं काय शिकला, ते आता तिच्यासमोर लाल शाईत होतं.

तिने वही ॲप्रनखाली घातली, मशीन बंद केलं आणि सहाच्या बसने घरी गेली.

सकाळी आठला देलिन आला तेव्हा तिच्यासमोर एकशे दहा बोर्डं जिवंत होऊन ट्रेमध्ये लागली होती. ती सहापासून बसली होती. देलिनच्या हातात दोन पेले होते.

"ताई, सोयादूध. कोमट आहे, कमी साखरेचं."

"खाली ठेव आणि हे बघ."

तिने तार टेकवली, हाक मारली, सेटिंग बदलली, तार काढली. चाळीस सेकंद. तो इंजिनिअर होता. त्याला दहाव्या सेकंदालाच कळलं. कान लाल झाले. पेले अजून हातातच होते.

"बाहेरच्या तालावर राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं नाही. तू ठेवलंस."

"जुन्या फाइलवरूनच नवी केली... गुरुवारी खालच्या मजल्यावर बोर्डं तयार होती, मालकीणबाई मागे लागल्या होत्या—"

"ते मी समजू शकते. चूक होते. माझ्याकडूनही झाली असती." तिने वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. "हे काय आहे?"

त्याने वाकून पान पाहिलं.

"बारा चाळीसला मी काय करत होते, देलिन?"

"ताई, तुम्ही झोपला होता."

"मग?"

"तुम्हाला बरं नव्हतं. जाकीट घेऊन झोपला होता. उठवायचं कसं? कोणी उठवतं का?"

"उठवायचं नव्हतं तर एक दहापर्यंत थांबायचं. अर्धा तास."

"मला वाटलं... तुमचा शिक्का तर नेहमीच—"

"नेहमीच काय?"

त्याने पेले टेबलावर ठेवले.

"माझा शिक्का मारलास, ते एक," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की थुईने आपल्या मशीनचा पंखा बंद केला. "सोमवारी सगळं बंद पडलं, तेव्हा तुला आठवलं असणार की वाचून घेतलं नव्हतं. आठवलं ना? तीन दिवस तू ते पान उघडून बघितलं नाहीस. कारण उघडलं असतंस तर दिसलं असतं. त्याऐवजी तू खाली बसून टाइप केलंस, की मी पट्टा लावला नव्हता. एकोणीस वर्षं मी पट्टा लावतेय, आणि ते खोटं लिहिताना तुला माझं नाव बघून बघून टाइप करावं लागलं असेल. माझं नाव लिहायला कठीण आहे."

"ताई—"

"ताई म्हणू नकोस."

मालकीणबाई साडेदहाला वर आल्या. थुईने त्यांना जिन्यातच गाठलं असावं, कारण त्या हसत आल्या.

"अगं, जिवंत केल्यास म्हणे! मी म्हटलंच होतं, बाओचू आहे म्हणजे काही काळजी नाही."

"काल तुम्ही मला पॅकिंगला पाठवत होता."

"जाऊ दे ग. आता कुठे पाठवते?" त्यांनी ट्रेमधलं एक बोर्ड उचलून उगाच उलटंपालटं केलं. "आठवड्यात सगळी होतील ना? उत्तम. आता तेवढा कागद दे, कुरियर येईल. तिसरी चौकट मी बदलते, कामावरून हलवलं ते काढून टाकू. प्रशिक्षण दिलं असं लिहू. छान दिसतं."

"आणि दुसरी?"

"दुसरी राहू दे. हे बघ, समजून घे. इंजिनिअरने चूक केली असं लिहिलं तर तो खरेदीवाला म्हणेल, यांच्या रचनेवरच भरवसा नाही. पुढची ऑर्डर गेलीच. कामगाराचा हात चुकला म्हटलं की प्रत्येकजण मान डोलावतो, सगळीकडेच होतं. तुझं तिथे कोणाशी लग्न ठरायचंय का? थायनानला तुला कोण ओळखतं?"

बाओचू खुर्चीवरून उठली. तिची उंची मालकीणबाईंच्या खांद्याएवढीच होती.

"मी ओळखते," ती म्हणाली.

"काय?"

"मला मी ओळखते. तो कागद तुमच्या कपाटात राहणार, त्यांच्या कपाटात राहणार. पुढच्या वेळी काही बिघडलं की तो निघणार, ही तीच, पट्टा न लावणारी. हात चुकलेला नाही, मालकीणबाई. या मजल्यावर चुकले नाहीत ते फक्त हातच. प्रोग्रॅम मी भरला तो बरोबर भरला. जे भरायला दिलं ते चुकीचं होतं, आणि ते वाचायचं होतं तेव्हा मी झोपले होते, आणि मी झोपलेली असताना माझा शिक्का मारला गेला. हे लिहा. एवढंच घडलंय."

"झोपली होतीस असं लिहू? तो हसेल!"

"हसू दे. तोही साडेबाराला झोपत असेल. दुपारच्या सुट्टीत झोपणं हा गुन्हा नाही."

थुई आता लपून हसत नव्हती. ती हसतच नव्हती. तिने हातातली क्लिप खाली ठेवली. "आणि पट्ट्याचं कोणी विचारलं तर मी साक्षीला आहे," ती म्हणाली. "मला विचारा. मी बघितलंय."

"तुला कोणी विचारलं नाही."

"तेच म्हणतेय, विचारा."

मालकीणबाईंनी देलिनकडे पाहिलं. ते बघणं लांबलं. तो मशीनच्या पलीकडे उभा होता, दोन्ही पेले अजून न उघडलेले त्याच्यासमोर. त्याला बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती, आणि बाओचूला ते माहीत होतं, कारण मुलगी महिन्याची झाली म्हणून त्याने वाटलेली लाल अंडी तिने या टेबलावर बसून खाल्ली होती. क्षणभर तिला वाटलं, आता आपण बोलू, राहू द्या म्हणू. ते शब्द तोंडाशी आले, इतके ओळखीचे होते. तिने दात मिटून घेतले.

"माझं नाव घाला," देलिन म्हणाला. "दुसऱ्या चौकटीत. फाइल मी केली. वाचून न घेता चढवली. शिक्का मी मारला."

"अरे, ऑर्डर—"

"घाला, मालकीणबाई. मीच टाइप करून आणतो."

"टाइप नको," बाओचू म्हणाली. तिने खिशातला कागद काढून उलगडला, टेबलावर हाताने सपाट केला. "नवा कागद केला की हा घडलाच नव्हता असं होईल. याच्यावरच खोड."

देलिनने पेन घेतलं. दुसऱ्या चौकटीतल्या दोन ओळींवर त्याने रेघ मारली. वाचता येईल अशीच, तिने सांगितलं म्हणून. वरच्या अरुंद जागेत बारीक अक्षरात त्याने खरं काय ते लिहिलं. "झोपेत" या शब्दापाशी मालकीणबाई खिडकीकडे वळल्या. तिसरी चौकट त्यांनीच सांगितली, पाठमोऱ्या: यापुढे शिक्के ज्याचे त्याने जवळ ठेवावेत. देलिनने आपला शिक्का काढला आणि कागदावर दाबला. दाबून धरला, गरज होती त्याहून जास्त वेळ.

"झालं समाधान?" मालकीणबाई म्हणाल्या. "आता तुझा मार. दुरुस्ती मान्य, म्हणून."

जिन्यावर कुरियरवाल्याची पावलं वाजत होती.

"पेन द्या," बाओचू म्हणाली.

"पेन कशाला? शिक्का आहे ना तुझ्याजवळ."

तिने हात पुढे धरून ठेवला. देलिनने तिच्या हातात पेन दिलं.

आडनावाचं अक्षर, ल्याव, पटकन उतरलं. मग मधलं अक्षर आलं, बाओ. वीस रेघांचं अक्षर. शाळेत मास्तरीणबाईंनी तिला ते पाटीवर शंभरदा काढायला लावलं होतं. वर छप्पर, छपराखाली मणी, शेजारी मडकं, तळाशी शिंपला. बँकेत शिक्का, कारखान्यात शिक्का, मुलाच्या शाळेच्या कागदावर शिक्का. अख्खं अक्षर तिने हाताने शेवटचं कधी काढलं, तिला सांगता आलं नसतं. मडक्यापाशी पेन थांबलं. कुरियरवाला दारात येऊन उभा राहिला, ओली टोपी काढली. मालकीणबाईंनी त्याला बोटाने थांबायची खूण केली.  बाओचूने डोळे मिटले, डाव्या तळहातावर बोटाने एकदा ते मडकं काढून पाहिलं, आणि मग कागदावर, एकेक रेघ, घाई न करता, खालच्या शिंपल्याच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत. तिसरं अक्षर, चू, मग सहज उतरलं.

शाई ओली होती. हवा दमट, वाळायला वेळ लागणार होता. मालकीणबाईंनी कागदासाठी हात पुढे केला, तो तिने दिला नाही. नाव पुसलं जाऊ नये म्हणून दोन्ही कडा बोटांच्या टोकांनी धरून, कागद स्वतःसमोर आडवा ठेवून ती उभी राहिली. कुरियरवाल्याने घड्याळात पाहिलं. ती उभीच राहिली.